पडसाद उमटत न्हाय, सर

"सर, पडसाद उमटत न्हाय. उमटतो त्यो शिक्का."

आनंदा पोवार माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी सूत्रसंचालन करायचो. सूत्रसंचालकाला शब्द कमी पडून चालत नाही, आणि माझ्याकडे तर ते उतू जायचे. कागलजवळच्या एका दूध संस्थेची वार्षिक सभा होती. कसलासा ठराव मंजूर झाला आणि मी माईकवरून "या निर्णयाचे पडसाद संपूर्ण जिल्ह्यात उमटतील" असं ठोकून देऊन टाळ्या घेतल्या. चहाच्या सुट्टीत साऊंडवाला कप हातात घेऊन माझ्याजवळ आला आणि त्यानं मला शिक्का आणि पडसाद यातला फरक सांगितला.

मी म्हटलं, "अहो, पेपरात रोज येतं की. पडसाद उमटले, तीव्र पडसाद उमटले."

"पेपरवाल्यांचं सोडा. त्यांचा धंदाच शाईचा हाय, त्येंचं समदं उमटतंय. आपला धंदा आवाजाचा. पडसाद पडतो. नावातच हाय बघा की. पडल्याली साद."

एवढं बोलून तो कप ठेवून वायर गुंडाळायला गेला. मला राग आला होता. भूगोलाच्या मास्तराची चूक साऊंडवाल्यानं काढावी, तीही मराठीची! पण घरी जाऊन शब्दकोश उघडायचं काही माझ्याच्यानं झालं नाही, कारण आनंदा बरोबर असला तर काय, अशी भीती वाटत होती.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही बरोबर कामं केली. सहकारी संस्थांच्या सभा, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलनं, वाचनालयांचे बक्षीस समारंभ. मी पुढे, तो कोपऱ्यात. आता आनंदा जाऊन वर्ष होत आलं, आणि माईकवर ‘पडसाद’ म्हणायची वेळ आली की माझी नजर अजून त्या कोपऱ्याकडे जाते.

आनंदा बुटका, मानेनं जाड आणि आवाजानं त्याहून जाड. शाळा नववीत सुटलेली. खिशात कायम एक टेस्टर आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिका लोकांच्याच, पण त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो शब्द लिहून ठेवायचा. कुणी नवा शब्द बोललं की टेम्पोच्या बॉनेटवर पत्रिका ठेवून लिहायला लागायचा. वरच्या बाजूला गणपती, मधे वधू-वर आणि पाठीमागे आनंदाचे शब्द. त्यातही त्याचा खरा जीव आवाजाच्या शब्दांवर, आणि त्यातल्या त्यात आवाज परत येतो त्या शब्दावर. कोल्हापुरात माणसाला कुठला ना कुठला नाद असतोच. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला म्हशी पळवण्याचा. याला हा होता.

कुठेही गेला की दुसऱ्या मिनिटाला समोरच्याला विचारायचा, "पावणं, हाक मारली आन् ती माघारी आली, तर तुमच्यात काय म्हणत्यात?"

बहुतेक लोक म्हणायचे, "काय म्हणायचं? घुमतंय म्हणायचं." हे त्याच्याकडे पंचवीसदा लिहिलेलं होतं. पण गडहिंग्लजकडे सीमेवरच्या एका गावात एका कानडी अज्जीनं त्याला ‘मारदनी’ असा शब्द दिला. उलट आलेला आवाज, असं तिनं हातवारे करून समजावलं. परतीच्या वाटेवर तो टेम्पोत ‘मारदनी, मारदनी’ असं इतक्या वेळा म्हणाला, की मला अज्जीचा राग यायला लागला. पेठेतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी ‘बाजगश्त’, म्हणजे माघारी फिरणं, असा शब्द दिला. तो लिहिताना आनंदानं जीभ दातांत धरली होती.

त्याची काम करायची पद्धत साऱ्या जिल्ह्यात कुणाची नव्हती. दुसरे साऊंडवाले आले की आधी स्पीकर उतरवतात आणि मग ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत बसतात. आनंदा सामानाला हातही लावायचा नाही. रिकाम्या हॉलच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहायचा, एक टाळी वाजवायचा आणि मग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "मंगल!"

मंगल ही त्याची बायको. ती त्या वेळी घरी भाकऱ्या थापत असायची. मी एकदा विचारलं, हॅलो का नाही म्हणत?

"हॅलोला काय अर्थ हाय सर? त्येला कोण बी ओ देतंय. आपल्या माणसाचं नाव घेतलं की भित काय बोलती त्ये नीट कळतंय."

एका लग्नाच्या हॉलमध्ये त्यानं अशी हाक मारली आणि नवरीची आई हातातलं ताट टाकून धावत बाहेर आली. तिचंही नाव मंगल. आता एका परक्या माणसानं एकेरीत अशी आरोळी ठोकल्यावर पाहुण्यांच्यात जी गडबड आणि खुसपुस झाली, ती निस्तरायला मला माईकवरून दहा मिनिटं बोलावं लागलं. आनंदानं मात्र काही झालंच नाही अशा थाटात निकाल दिला, "तीन वाकळांचा हॉल हाय."

वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. जुन्या साड्या-धोतरं एकावर एक घालून शिवलेली. आनंदाच्या टेम्पोत अशा सात-आठ जुन्या वाकळा कायम असायच्या. हॉल घुमत असला की तो मागच्या भिंतीवर वाकळा टांगायचा. दोन टांगून आवाज सुधारला तर दोन वाकळांचा हॉल, पाच लागल्या तर पाचांचा. जिल्ह्यातले सगळे हॉल त्यानं या मापानं मोजून ठेवले होते. आयोजक नाक मुरडायचे, कारण मागे भरजरी पडदा आणि त्यावर कुणाच्या तरी आजीचं लुगडं. पण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही प्रत्येक शब्द ऐकू जायचा.

यामागं त्याचं शास्त्र होतं, आणि ते सगळं ‘पडलेली साद’ या एका गोष्टीवर उभं होतं. हाक भिंतीवर आपटते, खाली पडते, फुटते आणि तिचे तुकडे माणसांच्या कानात घुसतात. वाकळ ती हाक पडायच्या आधी झेलते. "खेळातला गोलकीपरच म्हणायचा," असं तो सांगायचा. मी भूगोलवाला असल्यामुळे यावर वाद घालायचं कारण नव्हतं, आणि वाकळा कामही चोख करत होत्या.

या शास्त्राला सुरुंग लावला तो कांबळेबाईंनी.

कांबळेबाई आमच्या पेठेतच, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. कॉलेजात मराठी आणि पाली शिकवून निवृत्त झालेल्या. अंगानं काडी, आवाज इतका हळू की समोरच्यानं आपोआप पुढं वाकावं. वर्गात म्हणे टाचणी पडली तर ऐकू यायची, कारण बाईंचं ऐकायचं तर दुसरा आवाजच परवडायचा नाही. एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला त्या अध्यक्ष होत्या. चहाच्या वेळी आनंदानं त्यांना गाठून आपली पडलेली साद ऐकवली.

बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "फार छान आहे. पण चूक आहे."

आनंदाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हा ‘पड’ पडण्यातला नाही, आनंदराव. मूळ संस्कृत ‘प्रति’. पालीत त्याचं ‘पटि’ झालं, प्राकृतात ‘पडि’, आणि आपण ‘पड’ केलं. ‘शब्दा’चा ‘सद्द’ झाला आणि सद्दाची साद. प्रतिशब्द, पडिसद्द, पडसाद. यात पडलं कुणीच नाही. उलट उत्तर आलं."

आनंदा कप ठेवून वायर गुंडाळायला गेला. आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मंगलवहिनींनी मला विचारलं, "काय वं सर, कुटं भांडण झालं काय ह्येंचं? घुम्यागत बसल्यात नुस्तं." आता त्यांना कसं सांगणार, की तुमच्या नवऱ्याचं प्राकृताशी भांडण झालंय?

नवव्या दिवशी तो पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाईंच्या दारात हजर. मलाही ओढत नेलं होतं.

"बाई, मग पाडवा?"

"प्रतिपदा."

"पडछाया?"

"प्रतिच्छाया."

"पडजीभ?"

"तीही तशीच. जिभेमागची दुसरी जीभ."

आनंदाचे डोळे चमकायला लागले. "आन् पडवळ?"

"ती भाजी आहे. खायची आणि गप्प बसायचं."

त्या दिवसापासून त्याची बाईंशी गट्टी जमली. रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे जाऊन एक शब्द द्यायचा आणि एक घेऊन यायचा. हॉलच्या मध्यावर उभं राहून अजूनही ‘मंगल’ म्हणून ओरडायचा, पण आता ओरडल्यावर मान तिरकी करून थांबायचा आणि म्हणायचा, "काय म्हंतोय बघू हॉल." गोलकीपरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

आता त्याच्या चुकीबद्दल सांगायला हवं, कारण ती लपवायची त्याची स्वतःचीच इच्छा नव्हती.

आमच्या गल्लीतल्या तालमीनं हॉल बांधायचं ठरवलं. तालमीची माणसं मोठी दिलदार आणि त्याहून हौशी. फरशी साधी नको, ग्रॅनाइट पाहिजे. भिंतींना टाइल्स पाहिजेत. खिडक्यांना ही मोठी काच पाहिजे. कुणी म्हणायला नको, की पेठेनं हात आखडता घेतला. छपराचा विषय निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आवाजातलं कळणारा मानूस आपल्यातच हाय. आनंदाला इच्यारा."

आणि आनंदा, ज्यानं आयुष्यभर घुमणाऱ्या हॉलांशी झुंज घेतली, तो म्हणाला, "घुमट घाला."

असं का म्हणाला, ते त्यानं मला नंतर सांगितलं. लहानपणी तो आईबरोबर एका देवळात जायचा. तिथल्या घुमटाखाली एक म्हातारा भजन म्हणायचा, आणि त्याचा आवाज वर जाऊन फिरून खाली आला की अंगावर काटा यायचा. "आपल्या गल्लीत बी तसं पायजे असं वाटलं वं. भजनाला घुमट लागतोय, भाषनाला न्हाय, ही अक्कल मला त्या टायमाला सुचलीच न्हाय. प्रेमात आलो."

हॉल झाला. घुमट असा झाला, की परगावची माणसं बघायला यायची. उद्घाटनाला पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं, त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. मी "जेवणाची सोय मागच्या बाजूला आहे" असं जाहीर केलं, तर निम्मी माणसं पुढं आली आणि निम्मी टाळ्या वाजवायला लागली. आनंदानं टेम्पोतल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या वाकळा लावल्या, हॉलवर ढिम्म परिणाम झाला नाही. तालमीतली पोरं त्याला बघून ओरडायची, "आनंदाकाका, जेवाय चला, चला, चला, ला, ला!" तो हसायचा, पण घरी जाऊन दोन दिवस जेवला नाही.

याच सुमारास त्याच्या कानांनी दगा दिला. चाळीस वर्षं स्पीकरशेजारी बसून बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते चार दिवस लावून त्यानं टेम्पोच्या कप्प्यात टाकलं. विचारलं तर म्हणाला, "ह्यात घुमतंय सर. आता ह्या मिशीनला वाकळ कुटं लावू?" मोठ्यानं बोललेलं त्याला कळायचं. बाईंचं बोलणं मात्र आता अजिबात कळत नव्हतं. रविवारी तो जायचा, बाई बोलायच्या, हा मान डोलवायचा. शब्द त्या कागदावर लिहून द्यायच्या.

बाईंना पंच्याऐंशीवं लागलं तेव्हा पेठेनं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. बाई नुकत्याच दुखण्यातून उठल्या होत्या. मिनिटभर बोललं की दम लागायचा, आवाज आणखी खाली गेला होता. गाडीत बसणं त्यांना झेपत नव्हतं, त्यामुळे लांबचा हॉल बाद. चालत जाण्यासारखा एकच, घुमटाचा. अध्यक्ष म्हणाले, बाईंना बोलायलाच नको लावूया; शाल, श्रीफळ देऊ आणि फोटो काढू.

आनंदा उठून उभा राहिला. "बाई बोलनार. ह्यो हॉल माझ्यामुळं बिघाडलाय, मीच सुधारनार. बाईंचा एक शबुद जरी वाया गेला, तर धंदा बंद करून टेम्पो इकून टाकतो."

बाई पुन्हा कधी सभेत बोलतील असं कुणालाच वाटत नव्हतं. आनंदालाही ते माहीत होतं, म्हणून तो इतका चिडला होता.

मग त्यानं सत्काराची तारीख काढली, आणि ती पंचांगातून नव्हे. नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं धुऊन काढतात. गल्लीगल्लीत बायका वाकळा धुतात आणि गच्च्यांवर, कठड्यांवर, उभ्या गाड्यांवर वाळत घालतात. आनंदानं बरोबर तो आठवडा धरला आणि दारोदार फिरला. "वैनी, एक दिस वाकळ द्या. धुतल्याली हाय, इस्त्री करू नगा." बायकांनी आधी वेड्यात काढलं. मग कांबळेबाईंसाठी म्हटल्यावर कुणी दोन दिल्या, कुणी चार. एका आजींनी तर अंगावरची काढून दिली आणि वर दम भरला, "माज्या सासूच्या लुगड्याची हाय. भोक पाडशील तर बघ."

एकशे दहा वाकळा जमल्या. चार भिंती, खिडक्या, सज्जे, सगळीकडे वाकळा. घुमटाखाली मांडवाचं दुहेरी कापड ताणलं. अध्यक्ष दारातच थबकले. "आरं, ह्यो हॉल हाय का वाळवन?"

सगळं झाल्यावर आनंदा मध्यावर जाऊन उभा राहिला. टाळी वाजवली. मग ओरडला, "मंगल!"

हॉल गप्प. कोपऱ्यात चहाचे कप मांडत बसलेल्या मंगलवहिनी मान वर करून म्हणाल्या, "आवं हतंच हाय की मी! काय पायजे?"

सगळे हसले. आनंदा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"सर, घुमतंय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आनंदा."

वीस वर्षांत त्यानं आवाजाच्या बाबतीत माझा शब्द पहिल्यांदा मानला. मला फार वाईट वाटलं.

बाई चालत आल्या. खुर्चीवर बसून, टेबलावरचा माईक जवळ घेऊन, थांबत थांबत वीसेक मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, "मी खेड्यातल्या शाळेत दाराबाहेर बसायची. आम्हांला आत घेत नसत. गुरुजींचा आवाज माझ्यापर्यंत यायचा नाही. पण गुरुजी बोलले की आतली मुलं ते एका सुरात मोठ्यानं म्हणायची. ते मला ऐकू यायचं. मी गुरुजींकडून नाही, त्या मुलांच्या आवाजावर शिकले. पुढे शिकवायला लागले तेव्हा वर्गात गेल्यावर आधी शेवटच्या बाकापाशी जाऊन उभी राहायची. म्हटलं, इथं ऐकू येतं का बघू."

शेवटच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं, तेही सगळ्या हॉलला ऐकू आलं. आनंदा कोपऱ्यात बटणांवर हात ठेवून बसला होता आणि लोकांचे चेहरे एकेक करून बघत होता. मी मागे उभा राहून त्याला मान हलवून सांगत होतो, येतंय, येतंय.

कार्यक्रमानंतर बायकांचा आपापल्या वाकळा ओळखण्यावरून जो कालवा झाला, त्यात आनंदानं माझा दंड धरला. "बाई काय बोलल्या वं?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन चार वाक्यांत ओरडून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. "तुमी थोडक्यात सांगताय. बाई थोडक्यात न्हाईत बोलत."

पुढं महिन्याभरात तो लेकीकडे गडहिंग्लजला गेला आणि तिथेच गेला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या सत्कारानंतरच्या रविवारी. स्कूटरवरून बाईंच्या गल्लीतून चाललो होतो. बाई व्हरांड्यात खुर्चीवर, समोर स्टुलावर आनंदा. बाईंनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक टोक त्याच्या कानाला लावलं होतं आणि दुसऱ्या टोकातून त्या बोलत होत्या. त्यांचं काही रस्त्यावर ऐकू येत नव्हतं. पण त्यांचं एकेक वाक्य संपलं की बरोबर ऐकलं का याची खात्री करायला आनंदा ते आपल्या जाड आवाजात, जसंच्या तसं, पुन्हा म्हणत होता.

"मी खेड्यातल्या शाळेत दाराबाहेर बसायची!"

बाई मान हलवून पुढचं वाक्य सांगायच्या.

"गुरुजींचा आवाज माझ्यापर्यंत यायचा नाही!"

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "आनंदा, काय बोंबलायलायस सकाळ सकाळ?"

आनंदानं वर न बघताच हात केला. "गप रं. भाषन चालू हाय." आणि कान परत गुंडाळीला लावला.